टीव्हीवरच्या जज ज्यूडीचा निकाल खरा कोर्टाचा असतो का?

साताराकर: यूट्यूबवर बाई पाच मिनिटांत निकाल देतात. हे कायद्यानं चालतं? आपल्या लोकअदालतीसारखंच का?

वाईचा वकील: कायद्यानं चालतं, पण लोकअदालतीसारखं नाही भाऊ. जज ज्यूडी म्हणजे ज्युडिथ शाइंडलिन, त्या खऱ्या न्यायाधीश होत्या. न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयात 1982 साली महापौर कॉच यांनी नेमलं, 1986 पासून मॅनहॅटनला पर्यवेक्षक न्यायाधीश. 1996 ला निवृत्त झाल्या आणि त्याच सप्टेंबरात शो सुरू. तो 2021 पर्यंत चालला. त्या शोमध्ये मात्र त्या लवाद होत्या, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या खासगी पंच. दोन्ही पक्ष आधी लवादाच्या करारावर सही करायचे आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टातला आपला दावा काढून घ्यायचे. निकालाची कमाल रक्कम 5,000 डॉलर होती, आणि ती हरणारा नाही, निर्माते भरायचे. म्हणून तर लोक चारचौघांत बोलणी खायला तयार व्हायचे!

साताराकर: म्हणजे हरणाऱ्याच्या खिशातून काहीच नाही?

वाईचा वकील: दमडी नाही.

कराड कट्टा: लोकअदालतीत उलटं. तिथं पॅनेल दटावून निकाल देत नाही, फक्त तडजोड घडवतं. एकाने जरी सही नाकारली तरी प्रकरण जसंच्या तसं मूळ कोर्टात परत. जमलं तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. लोक फसतात ते मसुद्यात: "लवकर देईन" असं लिहून सुटतात. हप्ता, तारीख, चुकला तर काय, हे लिहून घ्या. नाहीतर दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावताना घाम फुटतो.