नववीचा निकाल आणि पाण्याचे दिवस

गुरुवार, १ मे २०२५

सेक्रेटरी काका (घर १): सर्व सभासदांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. झेंडावंदन वेळेत झाले. पेढे उरले आहेत. ज्यांनी घेतले नाहीत त्यांनी माझ्याकडून न्यावेत. ऊन मी म्हणतंय, संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत.

चिन्मयची आई (घर १२): चिन्मयला नववीत ९२.६० टक्के!! वर्गात तिसरा आला.

वहिनी (घर ९): अरे वा! अभिनंदन चिन्मय. काल आखितीचा आमरस झाला, आज तुमच्याकडं पार्टी.

दादा (घर ११): भारी बे चिन्या. दहावीला नव्वदच्या खाली आलास तर गेटमधनं आत घेणार नाही.

ताई (घर ३): अभिनंदन. आमचा जीव अजून टांगणीला. १७ मार्चला भूगोलाचा पेपर झाला, तेव्हापासून भाजीवाला सुद्धा विचारतो, निकाल कधी.

सेक्रेटरी काका (घर १): गेल्या वर्षी २७ मे ला लागला होता. यंदा परीक्षाच २१ फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे निकालही लवकर लागावा.

ताई (घर ३): लागू दे बाई एकदाचा. त्यात अकरावीचा प्रवेश यंदा आपल्याकडं सोलापुरात पण ऑनलाइन. इतके दिवस हे पुण्या-मुंबईचं डोकेदुखीचं काम होतं.

अण्णा (घर ४): आम्ही कॉलेजच्या भिंतीवरच्या यादीत नाव शोधलं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, टाचा वर करून.

दादा (घर ११): ओ अण्णा, तुमच्या टायमाला कॉलेजं होती का?

अण्णा (घर ४): १९७५. दहावीची पहिली बॅच आमची. त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी. वडील म्हणाले, एक वर्ष वाचलं, एक वर्ष आधी मिलमध्ये चिकटशील.

मामा (घर ६): हा मेसेज डिलीट केला गेला

दादा (घर ११): मामा, काय टाकून काढलाव?

मामा (घर ६): काही नाही ओ. पोराचं प्रगतीपुस्तक टाकलं होतं. पोरगं ओरडलं, काढा म्हणून. ५८ टक्के.

दादा (घर ११): मग काढून काय उपयोग, आकडा तुम्हीच सांगितलाव.

मामा (घर ६): हां. ते राहिलंच. त्याला सांगू नका.

बाई (घर ७): मामा, तो घरात तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि अक्कलकोट रोडला तुमच्या कारखान्यात आला की कारागिरांशी कन्नड. त्याचे गुण प्रगतीपुस्तकात धरलेलेच नाहीत. त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

मामा (घर ६): थँक्यू बाई. सांगतो. आता पाणीपुरी खायला गेलाय.

चिन्मयची आई (घर १२): बाई, तुमच्या वर्गाचा निकाल कसा लागला? यंदा नववी अ तुमच्याकडंच होती ना?

बाई (घर ७): हो. ४७ मुलं. ४५ वर गेली, दोघं अडकली. त्या दोघांवरूनच आठवडाभर चर्चा चालली होती, मला वाटत होतं आणखी पाच-सहा गाळायला लावतात की काय. हे सगळीकडं थोड्याफार फरकानं चालतं. कच्ची मुलं नववीतच थांबवायची, नाहीतर १७ नंबर फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसा म्हणून रस्ता दाखवायचा, आणि मग दहावीच्या शंभर टक्के निकालाचं डिजिटल बॅनर चौकात लावायचं. यंदा आम्ही अडून बसलो, म्हणून ४५.

वहिनी (घर ९): बरं केलं बाई.

बाई (घर ७): वर्ष संपल्यासारखं वाटत नाहीये पण. विचारलंत म्हणून लिहिते. मोठं होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

प्रगतीपुस्तकात सगळ्यात खाली ‘उपस्थिती’ असा एक रकाना असतो. पालक तिथपर्यंत पोचत नाहीत, टक्के बघून सही करतात. खरं सांगायचं तर आम्हीही हजेरीपटाची बेरीज मारतो, भरतो, पुढचं पान. यंदा एका मुलीपाशी माझा पेन थांबला. शाळा २१६ दिवस भरली, ती १६१ दिवस आली. म्हणजे साडेचौऱ्याहत्तर टक्के. दहावीला पंचाहत्तर लागतात, नाहीतर परीक्षेला बसायची अडचण.

मुलगी उनाड नाही. गणितात ६१ आहेत तिला. तिचा पेपर मी पुन्हा काढून बघितला. गुणोत्तर-प्रमाण सगळं बरोबर. बहुपदीचा भागाकार कोरा. रेषीय समीकरणं परत बरोबर, आलेखासकट. एखादी बुद्धी अशी गाळ्या-गाळ्यांनी चालते का? ज्या दिवशी ती वर्गात होती ते आलंय, नव्हती ते नाही. इतका सरळ पेपर मी अठ्ठावीस वर्षांत बघितला नव्हता.

मग हजेरीपट घरी आणला. लाल शाईचे ‘गै’ बघत बसले. दर चार घरं सोडून एक. शिवण टाकल्यासारखे. आणि समोर भिंतीवर कालनिर्णय.

दादा (घर ११): बाई थांबू नका, पुढं?

बाई (घर ७): दूध उतू गेलं, बघून आले.

आपल्याकडं चार दिवसांआड पाणी. काकांचा मेसेज आला की मी त्या तारखेला निळा गोल करते. गेल्या वर्षीचं कालनिर्णयही दुधाच्या हिशेबासाठी ठेवलं होतं, ते काढलं. जूनपासून एप्रिलपर्यंत एकेक तारीख मांडली. संच हा नववीच्या बीजगणितातला पहिलाच धडा. वेन आकृती शिकवताना दरवर्षी तेच उदाहरण देते, चहा पिणारे, कॉफी पिणारे, दोन्ही पिणारे. माझ्या वर्गात कॉफी कुणाच्याच घरी नसते, तरी देते. या खेपेला एक गोल पाण्याच्या दिवसांचा काढला, एक ती न आलेल्या दिवसांचा. शाळेच्या दिवसांत पाणी ४३ वेळा आलं. ती ५५ दिवस आली नाही. दोन्ही गोलांत मिळून ३८.

राहिलेल्या १७ दिवसांत ताप, मामाचं लग्न आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. गड्ड्याला मीही रजा टाकली होती, त्यामुळं ते मी मोजतच नाही.

ताई (घर ३): अगं बाई. पाणी भरायला राहते घरी?

बाई (घर ७): शाळा सकाळी सात दहाची. तिकडं पाणी सव्वासातला येतं.

अन् मी वर्षभर काय केलं? काल का आली नाहीस, घरी काम होतं, चिठ्ठी आण. सात चिठ्ठ्या आहेत माझ्या पर्समध्ये. चौकटीच्या वहीचं अर्धं पान, गणिताच्याच. ‘घरी काम असल्यामुळे येऊ शकले नाही.’ सातही चिठ्ठ्यांत हेच वाक्य, अक्षर तिचंच, आणि आईची सहीही तिनंच केलेली. मी सहीवरून रागावले. कामाचं विचारलंच नाही.

चिन्मयची आई (घर १२): बाई, विषय निघालाय म्हणून, चिन्मयला चित्रकलेच्या इंटरमिजिएटला बी ग्रेड आहे. दहावीला त्याचे गुण मिळतात ना?

बाई (घर ७): मिळतात. ए ला ७, बी ला ५, सी ला ३. शाळेमार्फत प्रस्ताव जातो, वेळेत द्या.

चिन्मयची आई (घर १२): थँक्यू बाई. आणि फार वाईट वाटलं त्या मुलीचं.

वहिनी (घर ९): मागच्या वस्तीतली आहे का?

बाई (घर ७): नाव सांगणार नाही.

सेक्रेटरी काका (घर १): माहितीसाठी. मागची वस्ती आणि आपण एकाच टाकीवर आहोत. व्हॉल्व्ह वेगळे. आपल्याला ५.३० ते ७ सोडतात, त्यांना त्यानंतर. म्हणून दिवस एकच.

वहिनी (घर ९): आपल्या मावशींची मोठी पण नववीलाच आहे ना?

(दुपारी १२.५० नंतर १.३५ पर्यंत कुणाचाही मेसेज नाही.)

वहिनी (घर ९): सगळे गप्प झाले म्हणून लिहिते. आम्ही काय मुलीला शाळेत पाठवू नका म्हणून सांगितलं? मावशींना मी दिवाळीला साडी देते, पोरांना वह्या देते. पाण्याच्या दिवशी काम जास्त असतं हे सगळ्यांच्याच घरी आहे. एकट्या घर ९ च्या नावानं खडे फोडू नका.

बाई (घर ७): वहिनी, मी कुणाचंच नाव घेतलं नाही. घ्यायचं तर माझं घ्या. निळ्या गोलाच्या खाली मी काय लिहिते सांगू? ‘मावशी ६.’ म्हणजे सकाळी सहाला. हौद घासून घ्यायचा असतो ना, पाणी यायच्या दिवशी. माझ्याकडून त्या तुमच्याकडं येतात, मग १२, मग ४, मग काकांचं अंगण. आई आपले हौद भरत असते तेव्हा घरचं पाणी कोण भरणार? ३८ गोल आहेत, सगळ्यांखाली माझंच अक्षर. मुलीचा हजेरीपट मी वर्षभर दोन ठिकाणी भरत होते, एक शाळेत, एक स्वयंपाकघरात.

मामा (घर ६): लई बारीक हिशेब काढला बाई.

वहिनी (घर ९): तरी पण. तिचा नवरा आहे की घरी. त्याला भरायला काय झालं?

दादा (घर ११): तो रात्रपाळीला असतो वहिनी, वॉचमन. सकाळी नऊला येतो. मी बघतो ना रोज.

अण्णा (घर ४): आमच्या चाळीत एक नळ होता. मिलचा पहिला भोंगा झाला की लाईन. मी कधी उभा राहिलो नाही. थोरली बहीण राहायची. सातवीतून काढली तिला. हुशार होती, माझी गणितं तीच सोडवायची. मी पहिल्या बॅचचा दहावी पास म्हणून पन्नास वर्षं सांगतोय सगळ्यांना, आत्तासुद्धा वर सांगितलं. तिचं कधी सांगितलं नाही.

अण्णा (घर ४): घर ४ ला पाण्याच्या दिवशी मावशी नकोत. पगार आहे तेवढाच. अंगण मी झाडीन.

ताई (घर ३): अण्णा, गुडघे?

अण्णा (घर ४): हळूहळू झाडीन.

चिन्मयची आई (घर १२): आमच्याकडं दुपारी आल्या तरी चालतील. पण दुपारचं हे ऊन. चार वाजता?

वहिनी (घर ९): चारला आल्या तर भांडी कुठली घासणार, सकाळची का रात्रीची? आणि आता तर सुट्टीच लागली. शाळा १६ जूनला. तोपर्यंत कशाला घाई? जूनमध्ये बघू.

अण्णा (घर ४): जूनपर्यंत आपण विसरू. मी तर नक्की.

बाई (घर ७): दहावीला ही मुलं माझ्याकडंच वर येतायत. जूनच्या पानावर मी आत्ताच लिहून ठेवलंय, ‘मावशी ४’.

मामा (घर ६): एक विचारू का? मावशींना कुणी विचारलं का?

दादा (घर ११): मामा १, ग्रुप ०.

बाई (घर ७): नाही विचारलं. खरंच नाही. आणि मुलीलाही नाही. आज प्रगतीपुस्तक घेऊन हसत गेली, ६१ बघून. म्हणाली, बाई, बहुपदी सुट्टीत करते.

ताई (घर ३): माझ्याकडं मुलाच्या नववीच्या गाईड आहेत. देऊ का?

बाई (घर ७): गाईड नको, पुस्तकं आहेत तिच्याकडं. तुमच्या मुलाला वेळ आहे ना निकाल लागेपर्यंत? रोज तासभर बहुपदी शिकवू दे तिला. त्याचीही उजळणी होईल, आणि तुम्हाला दिवसातनं दहा वेळा ‘निकाल कधी’ विचारणार नाही.

ताई (घर ३): विचारते त्याला. मोबाईलमधून वर बघितलं की.

सेक्रेटरी काका (घर १): महत्त्वाची सूचना. व्हॉल्व्हमनचा फोन आला होता. उद्या शुक्रवारी पाणी आहे. सकाळी ५.३०. कृपया हौदाची झाकणे रात्रीच उघडून ठेवावीत. गाड्या धुऊ नयेत.

बाई (घर ७): काका, माझा हौद उद्या मीच घासते.

वहिनी (घर ९): आता काय करायचं? मी हिवाळ्याच्या सगळ्या चादरी आज बादल्यांत भिजवून ठेवल्यात. मावशींना सहाला या म्हणून सकाळीच सांगितलंय.

दादा (घर ११): किती आहेत?

वहिनी (घर ९): सहा. सगळ्या सोलापुरी, डबल.

मामा (घर ६): ओल्या झाल्या की एकेक चादर म्हणजे एकेक माणूस. मला विचारा, जन्म त्यातच गेला.

वहिनी (घर ९): बरं. मी मावशींना फोन करते. सातला घरी जा म्हणते, त्यांचं पाणी यायच्या आत. पण मग पिळायला कुणीतरी या बाबांनो, मला एकटीला नाही झेपणार.

दादा (घर ११): मी येतो वहिनी. दोन टोकं धरायला चिन्याला पण पाठवा, ९२ टक्क्यांचा काहीतरी उपयोग होऊ दे.

चिन्मयची आई (घर १२): पाठवते. सातला उठत नाही तो, पण पाठवते.

सेक्रेटरी काका (घर १): पेढे अजून आहेत.