‘बायकांची गोळी’ म्हणून हसणाऱ्यांसाठी

केळीवाला_रावेर:
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं, ‘टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी निघालं की सरळ त्याचं इंजेक्शन घ्या. क्लोमिफेन तर बायकांना मूल व्हावं म्हणून देतात ती गोळी, ती खाऊन कोणी मर्द होत नसतो.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं, कारण दोन वर्षांपूर्वी जिममधल्या एकाने मला हेच सांगितलं आणि मी ऐकलं.

रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन २४०. अडीचशे मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू. दंड भरले, मूड मस्त. आठ महिन्यांनी पाळणा हलेना म्हणून वीर्य तपासलं, तर शुक्राणूंच्या रकान्यात ‘निल’. लॅबमधल्या पोराने कागद पालथा करून हातात दिला होता.

बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. तो एलएच, एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स पाठवणं थांबवतो आणि वृषणातला कारखाना बंद. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, ते उगाच नाही. क्लोमिफेन मेंदूला इस्ट्रोजेन जाणवू देत नाही, म्हणून तो एलएच वाढवतो आणि घरचंच हार्मोन तयार होतं. माझं इंजेक्शन बंद करून एचसीजी (एलएचसारखं काम करणारं इंजेक्शन) आणि ही गोळी दिली. काउंट यायला दहा महिने गेले. हसा आता.

रातपाळी_चोपडा:
तुझं झालं म्हणजे जगाचं तसंच का भो? माझं वय ५१, पोरं कामाधंद्याला लागली. मलाही हीच गोळी दिली होती. मी रात्रीची गाडी चालवतो. तिसऱ्या आठवड्यात समोरचा ट्रक निघून गेला तरी त्याच्या दिव्यांच्या शेपट्या डोळ्यांसमोर तरंगायच्या. धरणगावच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बसलो, मागून प्रवाशांच्या शिव्या. गोळी सोडली, डोळे ठीक झाले. आता टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतो. मला शुक्राणू काय लोणच्यात घालायचे आहेत?

केळीवाला_रावेर:
मूल नको असेल तर लावा की जेल. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, बघता का? ५४ टक्क्यांच्या वर गेलं की थांबावं लागतं.

रातपाळी_चोपडा:
बघतो, शिकवू नको. टेस्टोस्टेरॉन जेलवरचा २०२३ चा ट्रॅव्हर्स अभ्यास वाच. पाच हजारांवर माणसं होती, हार्ट अटॅक वाढले नाहीत.

केळीवाला_रावेर:
तोच पुढे वाचा. ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी, हे जास्त निघालं.

मेडिकलवाला_भुसावळ:
दोघंही थांबा. तो २४० किती वाजताचा? माझ्या काउंटरवर येणारे निम्मे रिपोर्ट दुपारी चारचे, शेवभाजी हाणून दिलेल्या रक्ताचे. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं असतं. दोन्हींत ३०० च्या खाली असेल तर बोला. पोट, शुगर, घोरणं याकडे कोण बघतो? आणि गालगुंडाने वृषणच खराब झालं असेल तर एलएच आधीच चढलेला असतो, तिथे क्लोमिफेन काय करणार? चिठ्ठी मागितली की वर मलाच दम.

धुळ्याची_सून:
पुरुषांच्या गप्पांत मध्ये पडते. ही ‘बायकांची गोळी’ मी किती महिने खाल्ली ते मोजणं सोडून दिलं. सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्सरे, सप्तशृंगीला नवस. नवऱ्याच्या तपासणीचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ पाचव्या वर्षी त्याने डबी नेऊन दिली. अर्ध्या तासाचं काम. काउंट अगदीच कमी.

अहिराणी_गडी:
खरं शे ताई तुन्हं. मन्ही बहीणनंबी हाईच कथा.

रातपाळी_चोपडा:
विषय औषधांचा होता. इथे सासू कुठून आली?

धुळ्याची_सून:
सासू होतीच दादा, तुम्हाला दिसली नाही. तुम्हाला तीन आठवड्यांत त्रास झाला, तुम्ही गाडी बाजूला घेतली. मला अंगातून वाफा यायच्या, रडू यायचं, तर ‘बाईच्या जातीला एवढं चालतंच’. माझी गाडी कोणी बाजूला घेतली?

रातपाळी_चोपडा:
तुम्हाला गोळ्या मी दिल्या का? उगाच माझ्यावर घसरू नका.

धुळ्याची_सून:
अंगठा तर दिलात ना त्या पोस्टला? दिसतो आहे.

रातपाळी_चोपडा:
बरं बाई, काढला अंगठा. झालं समाधान? जेल मात्र सोडणार नाही.

मेडिकलवाला_भुसावळ:
केळीवाले, एक विचारू? एवढं लांबलचक लिहिलंत, पण ती गोळी दुकानातून कोण आणायचं?

केळीवाला_रावेर:
…बायको.