एई-एल (एक्स्पोजर लॉक) दाबूनही फोटो कमी-जास्त उजळ का येतात? (त्रिपुरारीच्या नौका, साखळी, गोवा)

डिचोलकार
कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स १८-१४०. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजवलेल्या नौकांचे फोटो काढायचे आहेत. सध्या ए मोड (अ‍ॅपर्चर मी ठरवतो, शटर कॅमेरा), मॅट्रिक्स मीटरिंग (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारं), ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो). नौका फ्रेममध्ये मोठी दिसली की फोटो काळपट, लहान दिसली की रोषणाई पांढरीफटक. एई-एल बटण दाबून धरलं तर उजेड सारखा राहतो, पण सरकणारी नौका धूसर येते. बोट उचललं की परत तेच. लॉक टिकवायचा कसा? आणि करायचा कशावर, पाण्यावर की नौकेवर?

फोंडेकार
धूसर येण्याचं कारण सोपं आहे. हे बटण मुळात एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही एकत्र अडकवतं. नौका पुढे गेली, फोकस जुन्याच अंतरावर राहिला. कस्टम सेटिंगच्या एफ गटात 'असाइन एई-एल/एएफ-एल बटन' उघडा आणि 'एई लॉक (होल्ड)' निवडा. मग एकदा दाबलं की लॉक, पुन्हा दाबलं की मोकळा, आणि फोकस शटर बटणाकडे राहतो.

पण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर झोपला की लॉकही सुटतो. सी गटातल्या ऑटो ऑफ टायमरला 'लाँग' करा, नाहीतर दोन नौकांमधल्या वेळेत सगळं पुसलं जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये एई-एल ही अक्षरं दिसताहेत ना, तेवढं बघत राहा.

कशावर करायचा? पाण्यावर तर नकोच. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो; काळी नदी दिसली की ती करडी करायला जातो आणि दिवे जळतात. बल्बवर केलात तर उलट, सगळी नौका काळी. बल्बांचा उजेड ज्यावर पडलाय ते पकडा: झेंडूच्या माळा, रंगीत कापड, मखराची बाजू. त्यासाठी मॅट्रिक्स सोडून स्पॉट मीटरिंग (छोट्या भागाचाच उजेड मोजणारं) घ्या आणि फोकस सिंगल-पॉइंटवर ठेवा, कारण या कॅमेऱ्यात स्पॉट निवडलेल्या फोकस पॉइंटपाशीच मोजतो, फ्रेमच्या साधारण अडीच टक्के भागात. पांढरं कापडच समोर असेल तर लॉक करण्याआधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ द्या.

मडगांवकार
फोंडेकारांचं म्हणणं बरोबर, पण अंधार पूर्ण पडल्यावर लॉकच्या नादाला लागायचंच कशाला? नौकेवरचा उजेड नौकेबरोबर फिरतो. ती जवळ येवो की लांब जावो, तिच्या कापडाला लागणारं एक्स्पोजर तेच. सरळ एम (मॅन्युअल) मोड.

आता इथेच बहुतेक जण अडकतात: एम मोडमध्ये ऑटो आयएसओ चालू राहिला तर तो मॅन्युअल नव्हेच. तुम्ही शटर आणि अ‍ॅपर्चर बांधता, कॅमेरा आयएसओ हलवून स्वतःचंच खरं करतो. आधी तो बंद करा.

सुरुवात अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर १/१०० सेकंद, आयएसओ ३२०० पासून. एफ/५.६ मुद्दाम. तुमची लेन्स १८ वर एफ/३.५ उघडते, १४० वर एफ/५.६. पूर्ण उघडी ठेवून झूम केलंत तर सुमारे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड आपोआप जातो, आणि माणूस मीटरला दोष देतो. डी५६०० ला डायल एकच आहे. एममध्ये ती शटर फिरवते, अ‍ॅपर्चरसाठी +/- बटण दाबून धरून डायल फिरवा.

एक फोटो काढून हायलाइट डिस्प्ले बघा (जळालेला, पांढराफटक भाग त्यात लुकलुकतो; प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शन्समधून चालू होतो). फक्त बल्ब लुकलुकत असतील तर ठीक, बल्ब जळणारच. कापड लुकलुकलं तर आयएसओ उतरवा.

अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग बंद. जेपीईजीमध्ये ते दर फोटोला सावल्या वेगळ्या उचलतं, आणि लॉक असूनही फोटो वेगळे वाटतात. व्हाइट बॅलन्सही (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर नको. पाहिजे तर ४००० केल्विनच्या आसपासचा एखादा प्रीसेट बघा, रंगीत दिव्यांत 'अचूक' असं काही नसतंच.

संध्याकाळी लवकर पोचलात तर मात्र एम मोडमध्ये दर थोड्या वेळाने आकडे बदलावे लागतील. आकाशाचा उजेड झपाट्याने उतरतो. तेवढ्या वेळापुरती फोंडेकारांची पद्धत बरी.

डिचोलकार
देव बरें करूं दोघांचंही. दोन शंका. १/१०० च का, १/५०० वर नौका जास्त स्पष्ट येणार नाही? आणि सोबतच्या मित्राकडे कॅनन आहे, त्यात हे बटण सापडत नाही.

मडगांवकार
वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० मध्ये बरोबर एक आवर्तन बसतं, १/५० मध्ये दोन. १/५०० ला कधी उजळ क्षण सापडतो, कधी विझलेला, आणि अर्ध्या माळा गायब. हे लॉकने सुटत नाही. बॅटरीवरच्या साध्या माळांना ही अडचण नाही, पण पळत्या दिव्यांचा कंट्रोलर असेल तर काहीही होऊ शकतं. चार-पाच फोटो सलग काढा.

फोंडेकार
कॅननवर मागच्या बाजूला ताऱ्याचं चिन्ह असलेलं बटण, तोच एई लॉक. दाबून सोडलं तर मीटर चालू असेपर्यंतच टिकतो. सलग फोटोंसाठी धरून ठेवावं लागतं. वन-शॉट फोकस (एकदाच फोकस करून थांबणारा) आणि इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग (कॅननचं मॅट्रिक्स) असेल तर शटर अर्धं दाबल्यावरच एक्स्पोजरही लॉक होतं, एआय सर्व्होत (हलत्या वस्तूमागे फिरणारा फोकस) होत नाही. तुमच्या निकॉनवर मूळ सेटिंगमध्ये अर्ध्या दाबाने एक्स्पोजर लॉक होत नाही, त्यामुळे एकमेकांचा कॅमेरा हातात घेतलात की गोंधळ ठरलेला.

कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये स्पॉट फक्त मध्यभागी मोजतो. म्हणजे मध्य कापडावर, तारा दाबायचा, मग चौकट जुळवायची. एम मोड आणि ऑटो आयएसओ असताना तोच तारा आयएसओ अडकवतो, हे सोयीचं. मित्राला ऑटो लायटिंग ऑप्टिमायझरही (कॅननचं डी-लाइटिंगसारखं सेटिंग) बंद करायला सांगा.