मदत हवी आहे: शर्यतीची पॉवरबोट सुरक्षा तपासणीत नापास, फेरतपासणीला चार आठवडे

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी शर्यतीची एक वापरलेली बोट घेतली. एकट्याने चालवायची, प्लायवूड आणि इपॉक्सीची टनेल बोट (तळाला मधोमध हवेचा बोगदा असलेली), उघडा कॉकपिट, मागे बाहेरून बसवलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. आधीचा मालक तिच्यावर बरीच वर्षं शर्यती खेळला होता आणि दर वेळी तपासणीत पास झाला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. परवा माझी पहिली तपासणी झाली आणि बोट नापास. त्याचं वाईट वाटलंच, पण तिथे जे डोळ्यांनी पाहिलं त्याने जास्त हादरलो.

बोट पाण्यात दोरांनी बांधलेली होती. तपासनीसांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि किल कॉर्ड ओढली (चालकाच्या अंगाला लावलेली दोरी, ती निघाली की इंजिन बंद व्हायला हवं). इंजिन फटकन बंद. मला वाटलं, झालं. त्यांनी कॉर्ड परत लावून इंजिन पुन्हा सुरू करायला सांगितलं. या वेळी एक हात डॅशबोर्डखाली घालून वायरींचा जुडगा धरून हलवला आणि दुसऱ्या हाताने कॉर्ड ओढली. कॉर्ड त्यांच्या हातात आणि इंजिन चालूच! शेवटी चोक ओढून ते गुदमरवावं लागलं.

घरी येऊन डॅशबोर्ड उघडला. किल स्विचची काळी वायर ज्या बुलेट कनेक्टरमध्ये जाते, त्याच्या तोंडाशी हिरवा कळंक चढलेला. मल्टिमीटर लावला. कॉर्ड काढलेली असताना ०.५ ओहम, म्हणजे ठीक. पण तीच वायर करंगळीने जराशी वाकवली की जोडणीच तुटायची. माझं इंजिन मॅग्नेटोचं आहे, म्हणजे ठिणगीची वीज ते स्वतःच तयार करतं. त्यात किल स्विच इग्निशन ग्राउंड करून ठिणगी बंद पाडतो. म्हणजे वायर तुटली तर इंजिन बंद पडत नाही, ते बंद करायचा मार्गच बंद होतो. चालक बाहेर फेकला गेला की अशी मोकाट बोट बहुधा गोल गोल फिरते आणि फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. मी या बोटीतून चार वेळा पूर्ण वेगाने सराव केला आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरा शेरा ट्रान्समचा, म्हणजे इंजिन ज्यावर बोल्टांनी बसवतात त्या मागच्या उभ्या फळीचा. त्यांनी नाण्याने टकटक करत पूर्ण ट्रान्सम पालथा घातला. सगळीकडे खणखणीत आवाज, पण डावीकडच्या खालच्या बोल्टाभोवती, तळहाताएवढ्या जागेत, बद्द. नंतर मी तो बोल्ट काढला तर भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं. बाहेरून रंग अगदी नव्यासारखा होता.

तिसरा शेरा तरंगण्याच्या फोमचा. पुढच्या कप्प्यातला फोम दाबला की पाणी सुटतं.

आता प्रश्न. फक्त किलची वायर बदलू की सगळं वायरिंग नव्याने करू? जोड सोल्डर करायचे की क्रिंप (टर्मिनल दाबून बसवणं)? ट्रान्समचा सडलेला तेवढाच भाग कापून ठिगळ लावलं तर चालेल का? आणि फोम किती लागेल, याचा हिशोब कसा करायचा? शिवाय शेऱ्यांमध्ये न आलेलं पण फेरतपासणीत अडकवू शकेल असं काही असेल तर तेही सांगा. लाकूडकाम मला बऱ्यापैकी येतं, वायरिंगमध्ये मात्र कच्चा आहे.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमच्या तपासनीसांना माझा नमस्कार सांगा. वायर हलवून बघणारा माणूस भेटणं हे नशीब आहे.

किल सर्किट पूर्ण नवं करा, स्विचसकट. कलई केलेली मरीन वायर घ्या, चांगल्या टूलने क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सोल्डर नको. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तो भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच थरथरीने तार तुटते. स्विच ते इंजिन मध्ये एकही जादा जोड ठेवू नका. ग्राउंडची रिंग ज्या बोल्टाखाली जाते तिथला रंग घासून उघडा धातू करा. पुष्कळांचं तिथेच चुकतं.

बाकीचं वायरिंग उघडून बघा. एका ठिकाणी कळंक दिसला तर दुसरीकडे असणारच.

कॉर्डचं टोक लाइफ जॅकेटच्या भक्कम पट्ट्याला लावा, झिपच्या कडीला नको. लांबी अशी हवी की स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं तरी ओढ बसणार नाही, पण तुम्ही सीटवरून उठलात की ती निघालीच पाहिजे. कमी पडते म्हणून दुसरी दोरी बांधून वाढवू नका.

प्रतिसाद २

ट्रान्समबद्दल सांगतो, अशा तीन बोटींचं काम हातून झालं आहे.

आधी सड कुठवर गेली आहे ते पाहा. आतल्या बाजूने ३ मिलिमीटरच्या बिटने चार-चार बोटांच्या अंतरावर भोकं पाडा. ट्रान्समच्या आरपार जाऊ देऊ नका, बिटला टेप गुंडाळून खूण करा. प्रत्येक भोकाचा भुसा हातावर घ्या. पिवळसर, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट आणि चिकट आला की पुढचं भोक अजून लांब पाडा. कोरडा भुसा येईपर्यंत थांबू नका.

सड एकाच बोल्टापाशी असली तरी मी तुम्हाला ठिगळ सुचवणार नाही. इंजिनाचा सगळा जोर त्या चार बोल्टांवर येतो. वळणावर बोट आपटते तेव्हा हादरा तिथेच बसतो. आतला प्लाय काढून नवा टाका. जोड द्यावाच लागला तर तिरका द्या, जाडीच्या आठपट लांबीचा, आणि तो बोल्टांपासून दूर ठेवा. जुनं काम इपॉक्सीचं आहे, तेव्हा नवंही इपॉक्सीनेच करा. वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोल्टाची भोकं मोठी पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्यात योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टाच्या चहूबाजूंनी इपॉक्सीची नळी राहते आणि पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे हे कुणी केलं नव्हतं, म्हणून तो चहा निघाला. आतून वॉशरऐवजी जाड पट्टी लावा, नाहीतर आवळताना लाकूड चेपतं.

प्रतिसाद ३

स्टिअरिंग केबलवर हातात सुती चिंधी घेऊन टोकापासून टोकापर्यंत फिरवा. तुटलेल्या तारेचं एखादं कुसळ असलं तर चिंधी अडकते. पुलीवरून वळते त्या जागी केबल सैल करून बघा, तिथलं डोळ्यांना दिसत नाही. कुसळ सापडलं तर केबल बदलायची, चर्चा नाही. केबलच्या टोकाला यू-क्लिप (दोर आवळून धरणारी यू आकाराची पकड) असतील तर क्लिपचं खोगीर, म्हणजे नटांखालचा खाचेचा तुकडा, ओढ येणाऱ्या दोराच्या बाजूला आणि यू मोकळ्या शेपटीवर हवा. उलटं बसवलं तर यू कामाच्या दोरालाच चेपतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) एकदा काढलेत तर नवे टाका.

धागाकर्ता

दादा, चिंधी फिरवली. उजवीकडच्या पुलीपाशी अडकली! दोन कुसळं होती. हे शेऱ्यात नव्हतं. फार फार आभार. केबल दोन्हीकडची बदलतो आहे.

फोमचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद २

फोमचा हिशोब सोपा आहे. गोड्या पाण्यात दर लिटर आकारमानाला एक किलो उचल मिळते, त्यातून फोमचं स्वतःचं वजन वजा करा. घनमीटरला ३२ किलो घनतेचा पॉलियुरेथेन फोम असेल तर १०० लिटरचं वजन ३.२ किलो, म्हणजे निव्वळ उचल ९७ किलोच्या आसपास. प्लायवूड स्वतः तरंगतं. बुडवतं ते इंजिन, बॅटरी आणि बाकीचं लोखंड. त्यांचं वजन करा, त्यावर भरपूर मार्जिन ठेवा आणि तुमच्या वर्गाच्या नियमपुस्तकातला आकडा त्याहून मोठा असेल तर तोच धरा.

पॉलिस्टायरीन वापरू नका. पेट्रोल लागलं की विरघळतो. ओतायचा फोम असेल तर थोडा थोडा ओता. बंद कप्प्यात एकदम ओतला तर फुगताना डेक उचलतो. आणि कप्प्याला निचऱ्याचं भोक ठेवा, तुमचा जुना फोम त्याशिवायच भिजला असणार.

प्रतिसाद १

राहिलेलं थोडक्यात. थ्रॉटलचं पेडल पाय काढताच आपोआप मागे यायला हवं, दोन स्प्रिंगा लावा, एक तुटली तर दुसरी असावी. पेट्रोलचे पाइप दुमडून बघा, भेगा दिसल्या की बदला. टाकी पट्ट्यांनी बांधलेली हवी, दोरीने नको. बॅटरीच्या टर्मिनलांवर टोप्या. हेल्मेटच्या आतलं प्रमाणपत्राचं लेबल शाबूत आहे का ते पाहा, ते फाटलेलं असलं तर चांगलं हेल्मेटही बाद होऊ शकतं. आणि तळ धुऊन न्या. तेलकट तळात नवी गळती ओळखता येत नाही.

धागाकर्ता

मंडळी, काल फेरतपासणी झाली. बोट पास.

ट्रान्समचा प्लाय काढला तेव्हा सड तळहाताएवढी नव्हती, चारही बोल्टांपैकी तिघांपर्यंत पोचली होती. खालचा थर बोटाने उकरता येत होता. ठिगळ लावलं असतं तर कुजक्यावरच लावलं असतं. बोल्टांची भोकं तुम्ही सांगितलं तशीच भरून पाडली.

किल सर्किट नवं केल्यावर घरी वीस वेळा ओढून पाहिलं: वायर हलवत, स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, इंजिन गरम असताना, थंड असताना. वीसही वेळा बंद. काल तेच तपासनीस होते. त्यांनी पुन्हा हात डॅशबोर्डखाली घातला, जुडगा जोरात हलवला, कॉर्ड ओढली. इंजिन गप्प. मग नाण्याने ट्रान्सम वाजवला, सगळीकडे खणखणीत. पुली सैल करून केबलही पाहिली.

एकच सूचना मिळाली, कॉर्डच्या हुकाची स्प्रिंग ढिली वाटते, पुढच्या शर्यतीआधी बदला. आज बदलला.

कळंक चढलेला तो कनेक्टर डबीत जपून ठेवला आहे. कुणाला जवळून फोटो हवा असेल तर सांगा, इथेच टाकतो.