लॉगिन म्हणजे माणूस नव्हे

‘रुग्णालयांची सगळी माहिती एकाच पोर्टलवर आली की जबाबदारी आपोआप ठरते’ असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बदल कोणत्या लॉगिनने केला, एवढंच ऑडिट लॉग (प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद) सांगतो. वॉर्डातल्या तिन्ही पाळ्या एकच पासवर्ड वापरत असतील (लॉगिनला दोन मिनिटं लागत असतील तर वापरणारच), तर तो लॉग असून नसल्यासारखा.

औषध दिल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ हे रकाने वेगळे हवेत. नाहीतर पाळी संपताना एकदम भरलेल्या नोंदी पाहून वाटतं, वीस इंजेक्शनं एकाच मिनिटात दिली. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसली जाऊ नये.

आरोग्य केंद्रं दरमहा कळवतात त्या आकड्यांचं दुखणं निराळं. डीएचआयएस-2 सारख्या, आरोग्याचे आकडे गोळा करणाऱ्या प्रणालीत नियम लावता येतो: लसीचा तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसला तर इशारा. एखाद्या महिन्यात तसं खरंच घडू शकतं, म्हणून नुसता इशारा. नोंद अडवायची नाही. पण दोन्ही आकडे बसल्या जागी बनवले असतील तर ते छान जुळतात आणि नियम गप्प राहतो. तिथे मूळ रजिस्टर उघडून पुन्हा मोजण्याला पर्याय नाही. ती मोजणी भागिले कळवलेला आकडा. उत्तर 1 पेक्षा कमी आलं तर आकडा फुगवलेला.

आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. बेरजेत दोन्ही सारखेच धरले की अहवाल न पाठवणारं केंद्र ‘एकही मृत्यू नाही’ म्हणून यादीत वर जातं.