एकाच रिदमवर आख्खा अल्बम: काटकसर नाही तर काय?

खर्जवेडा:
जमैकाच्या रूट्स रेगे संगीतात बेस-ड्रम्सचं एकच ध्वनिमुद्रण, म्हणजे एकच रिदम, घ्यायचा, त्यावर दहाबारा गायक उभे करायचे आणि अल्बम विकायचा. असा पहिला अल्बम मानला जातो तो रुपी एडवर्ड्सचा ‘यामाहा स्कँक’ (१९७४). त्याचा पाया स्लिम स्मिथ आणि युनिक्सच्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’चा. वादकांना एकदाच पैसे, स्टुडिओचं भाडंही एकदाच. चौथ्या गाण्यापर्यंत कान विटतो.

पाटीपेन:
काटकसर होतीच, नाकारतंय कोण? पण स्टॅलॅग रिदम घ्या. अ‍ॅन्सेल कॉलिन्सचं वादन, विन्स्टन रायलीची निर्मिती, साल १९७३. त्यावरचं सिस्टर नॅन्सीचं ‘बॅम बॅम’ (१९८२) आणि टेनर सॉचं ‘रिंग द अलार्म’ (१९८५) लागोपाठ ऐका. बेस तोच, पण नॅन्सी बोलीच्या ठेक्यावर चालते आणि टेनर सॉ सूर ताणत जातो. आपल्या भजनात एका चालीवर कितीतरी अभंग बसतात, त्यातलाच प्रकार.

खर्जवेडा:
अहो, नेमकं उलट आहे. भजनात चाल जुनी, पण पखवाजी दर वेळी नव्याने वाजवतो. इथे चाल नवी आणि वादन गोठलेलं.

मिक्सरबाबा:
वादन गोठलेलं, मिक्स नाही. दोष रिदमचा नसून आळशी निर्मात्याचा. तयार मिक्सवर नुसता आवाज चिकटवला की अल्बम मेलाच. टेपवर बेस, ड्रम्स आणि गिटार-ऑर्गन वेगळे असतील तर एका गाण्यात पहिले आठ बार (चार ठोक्यांचं एक आवर्तन म्हणजे बार) बेस बंद ठेवा, पुढच्यात गिटार काढून नुसतं ऑर्गन सोडा. इको मात्र लयीत बांधा. लय मिनिटाला ७५ ठोके असेल तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा, पाऊण ठोका ६०० चा. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात तिसऱ्या ठोक्यावर रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा फटका) पडतो, त्यावर ६०० चा इको शोभतो. अंदाजे ६५० ठेवलात तर तो लयीबाहेर जातो आणि सगळा चिखल होतो.

खरी अडचण पट्टीची. रिदमची पट्टी ठरलेली, गायकांच्या नाहीत. टेप साधारण ६ टक्के वेगात फिरवली तर पट्टी अर्धा स्वर चढते, पण लयही ७५ वरून ७९.५ वर जाते. मग साउंड सिस्टिमवर, म्हणजे मोठ्या स्पीकरांवरच्या नाचाच्या कार्यक्रमात, दोन गाणी जोडताना ठोके सुटतात. त्यापेक्षा गायकालाच खालच्या सप्तकात गायला लावावं किंवा ते गाणं टोस्टिंगवाल्या, म्हणजे ठेक्यावर बोलत जाणाऱ्या, डीजेला द्यावं.

पाटीपेन:
आणि सलग दोन गोड गळ्याचे गायक ठेवूच नयेत. गायक, मग डीजे, मग ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारखी ब्रास वाद्यं. बर्लिनच्या रिदम अँड साउंडचा ‘सी मी याह’ (२००५) ऐका, खर्जवेडा. एकच रिदम, पण इतका विरळ की प्रत्येक आवाजाला जागा मिळते.

खर्जवेडा:
तो ऐकलाय, चांगलाच आहे. पण एवढा विरळ रिदम १९७४ च्या जमैकात, किंग्स्टनमध्ये कोण करत होतं? अपवाद दाखवला म्हणून ‘यामाहा स्कँक’ सलग ऐकण्याजोगा होत नाही. सिलेक्टरने, म्हणजे कार्यक्रमात तबकड्या निवडून लावणाऱ्याने, त्यातली तीन गाणी एकापाठोपाठ लावावीत, मजा येते. घरी बसून पूर्ण तबकडी? माझ्याच्याने नाही होत.

मिक्सरबाबा:
तीनच का? मधे एक डब, म्हणजे गायन काढून इकोत खेळवलेलं मिक्स, टाका, सहा चालतील.