मदत हवी आहे: ओट्यावर ठेवायचं बर्फाचं मशीन कोणतं घेऊ?

चारुता_नागपूर
घरासाठी ओट्यावर मावेल असं बर्फाचं छोटं मशीन हवंय. ऑनलाइन बघून बघून डोकं उठलंय, सगळ्यांवर तेच लिहिलंय: २४ तासांत १२ किलो, ८ मिनिटांत ९ तुकडे. भाऊ परवा निघतोय, त्याला आज रात्रीच सांगायचंय. कोणाकडे आहे? कोणतं घेऊ? प्लीज लवकर सांगा.

खडीसाखर
बजेट किती? घरात माणसं किती? आणि भाऊ निघतोय कुठून?

देशपांडे_काका
मशीन वगैरे घेऊ नका. रात्री ट्रे लावायचे, सकाळी तुकडे पिशवीत काढून पिशवी फ्रीझरमध्ये टाकायची आणि ट्रे पुन्हा भरायचे. आमच्याकडे पाहुणे आले तरी एवढ्यावर भागतं.

चारुता_नागपूर
काका, ते करून झालंय. फ्रिज सिंगल डोअर आहे, ट्रे दोनच मावतात, त्यात दुपारी लाइट जाते. भाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिकडे स्वस्त मिळतात.

वायरमन_विदर्भ
ताई, तिकडून आणू नका. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तसंच लावलं तर जळेल.

सातासमुद्रापार
ट्रान्सफॉर्मर लावायचा, त्यात काय एवढं! माझा तिकडचा मिक्सर पुण्यात कित्येक वर्षं स्टेप-डाउनवर व्यवस्थित चालतोय.

वायरमन_विदर्भ
मिक्सरचं सोडा हो. त्याची मोटर कार्बन ब्रशची असते, तिला हर्ट्झचा फरक पडत नाही. इथे कॉम्प्रेसर आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. ६० हर्ट्झचा कॉम्प्रेसर ५० वर हळू फिरतो आणि जास्त तापतो. वर नागपूरचा मे महिना! शिवाय विमानाच्या सामानात बॅग आडवी पडणार, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरणार. आणलंच, तर काही तास सरळ उभं ठेवल्याशिवाय चालू करू नका. पण आणूच नका.

सातासमुद्रापार
दोन्ही व्होल्टेजवर चालणारी यंत्रं असतात की.

वायरमन_विदर्भ
मोबाइलचे चार्जर असतात. या मशीनच्या मागच्या पट्टीवर "५०/६० हर्ट्झ" आणि "२२०-२४०" असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर फोटो टाका, मी माझं म्हणणं मागे घेईन.

निवळशंख
या मशीनचा बर्फ पांढुरका आणि आतून पोकळ असतो, लगेच विरघळतो. काचेसारखा बर्फ हवा असेल तर थर्माकोलच्या छोट्या पेटीत पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ वरून खाली धरत जातो, हवेचे बुडबुडे तळाशी ढकलले जातात. तळाचा पांढरा भाग कापून टाकायचा. फार सुंदर निघतो.

चारुता_नागपूर
सुंदर नकोय हो, भरपूर हवाय!

खडीसाखर
पण कशासाठी? हे अजून सांगितलंच नाहीत. सरबताला, की आणखी कशाला?

चारुता_नागपूर
बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सांधा बदललाय. दिवसातून चार-पाच वेळा बर्फाने शेकायचंय. व्यायाम झाला की गुडघा गरम लागतो, सूज चढते. दर वेळी पिशवीभर बर्फ लागतो आणि दुपारनंतर ट्रे रिकामे. उरलाच तर सरबताला.

फिजिओ_मावशी
हे आधी सांगायचं ना, बाळा. गुडघ्यासाठी मशीन नको. मेडिकलमध्ये जेल पॅक मिळतात, मोठे आणि पट्ट्याचे. ते चार घ्या, दोन वापरात, दोन फ्रीझरमध्ये. आज रात्रीच हवे असतील तर मटारचं पाकीट चालतं, गुडघ्यावर छान बसतं. मात्र मध्ये कापड हवंच. जेल पॅक बर्फापेक्षा थंड असतो, ऑपरेशननंतर टाक्यांच्या आसपास स्पर्श कळत नाही आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी नाजूक असते. एका वेळी १५ ते २० मिनिटं, मग त्वचा बघायची. जखम ओली होऊ द्यायची नाही. किती वेळा शेकायचं हे त्यांच्या सर्जनला विचारून ठरवा.

देशपांडे_काका
नाहीतर कारखान्यातून बर्फाची लादी आणावी. स्वस्त पडते.

खडीसाखर
काका, तो बर्फ प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो ओळखता यावा म्हणूनच.

देशपांडे_काका
बाहेरून शेकायला निळा असला तर काय बिघडलं?

खडीसाखर
शेकायला काही नाही. पण त्या उरलाच तर सरबतात घालणार म्हणाल्यात, म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवरही लादी बघूनच पोरांना नेत जा.

ओटा_भरलेला
माझ्याकडे हे मशीन आहे, इथलंच, २३० व्होल्टचं. १२ किलो म्हणजे तासाला अर्धा किलो, तेही गार खोलीत. उन्हाळ्यात त्याहून कमी. पहिल्या एक-दोन खेपांचे तुकडे कागदासारखे पातळ येतात. सगळ्यात महत्त्वाचं, हा फ्रीझर नाही. टोपलीतला बर्फ वितळून खाली टाकीत जातो आणि त्याच पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. साठवायचा असेल तर काढून फ्रीझरमध्येच ठेवावा लागतो. आणि लाइट गेली की हेही बंद.

बोअरचं पाणी अजिबात घालू नका. पाण्यात बुडणाऱ्या बोटांसारख्या नळ्या असतात, त्यांच्यावर पांढरा थर धरतो आणि तुकडे सुटेनासे होतात. मी सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने साफ करते, मग साध्या पाण्याने दोनदा. घ्यायचंच असेल तर तळाला पाणी काढायचं बूच आहे ना, ते बघा, आणि गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा.

चारुता_नागपूर
भावाला आणू नको म्हणून कळवलं. मटारचं पाकीट कापडात गुंडाळून आत्ता लावलंय, जेल पॅक उद्या आणते. ओटा_भरलेला, तुमच्या मशीनची वॉरंटी किती आहे, आणि बिघडलं तर नागपुरात दुरुस्त होईल का? वायरमनदादा, तुम्ही करता का?

वायरमन_विदर्भ
गॅस भरून देणारा फ्रिजवाला पाहिजे, माझं काम नाही ते. धंतोलीत एक ओळखीचा आहे, निरोपात नंबर देतो.

निवळशंख
थर्माकोलची पेटी सिंगल डोअरमध्येही मावते बरं का, छोटी घेतली तर.